‘तोंड गप्प करू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम सलाम.

मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, बदलांत देवाचे आशीर्वाद शोधण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सांगलीहून लिहिलंत: ‘एका पाळकाकडे दोन मंडळ्या दिल्या, दहाची उपासना आठला आणली, म्हातारी माणसं घरी बसली. त्यात तुम्ही आशीर्वाद मोजायला सांगता. हे तोंड गप्प करणं झालं. देवाने लावून दिलेली घडी मोडण्यात आशीर्वाद कसला?’

पहिला मुद्दा मान्य. जे गेलं त्याबद्दल लेखात एकच वाक्य होतं, ते अपुरं होतं.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पाहा. यरुशलेमची मंडळी वाढत होती आणि तेव्हाच कुरकुर सुरू झाली: रोजच्या अन्नवाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जातात. प्रेषितांनी त्यांना ‘उपकार आठवा’ असं सांगितलं नाही. सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटणी आली. स्तेफन आणि फिलिप्प त्यांतलेच. तक्रार ऐकली नसती तर हे दोघे आपल्याला कुठून मिळाले असते?

म्हणून आधी यादी करायची ती न येणाऱ्यांची. उपासनेनंतरच्या सभेत ‘वेळ सोयीची आहे का?’ असं विचारतात, तिथेच चुकतं, कारण उत्तर देणारे आलेलेच असतात. बदलानंतर महिन्याभरात एक पंच (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक) आणि महिला मंडळातली एक बाई, अशा जोडीने त्या घरी जावं. मत विचारू नये, अडचण विचारावी. सकाळी रिक्षा मिळत नाही, गोळ्या खाल्ल्यावर तासभर बाहेर पडता येत नाही, ऐकू येत नाही, नातवंडांना सांभाळायला कोणी नाही: प्रत्येकीवर उपाय वेगळा. रिक्षाचा खर्च मंडळी उचलू शकते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस) घरी न्यावं, पण एका दुपारी चार-पाच घरांपेक्षा जास्त नको, नाहीतर प्रार्थना घाईची होते.

वेळेचं म्हणाल तर आठची उपासना कायम एकाच मंडळीच्या माथी मारू नये. दर तीन महिन्यांनी अदलाबदल करावी. आठला सुरू करून सव्वानऊला संपली, तर दहाच्या आधी पाऊण तास राहतो. सांगली-मिरज एवढ्या अंतराला तो पुरतो, पण पाळकसाहेबांना दारात उभं राहून लोकांची विचारपूस करायला दहाच मिनिटं मिळतात. ती दहा मिनिटं सोडू नयेत. आशीर्वचन झालं की गाडीला किल्ली, हे लोकांना वेळ बदलण्यापेक्षा जास्त लागतं.

गाण्यांचंही तसंच. जुनी गीतं कीबोर्डवर तरुण गळ्यांच्या पट्टीत वाजतात, म्हणून वृद्ध गप्प होतात. पट्टी दोन-तीन सुरांनी उतरवून पाहा.

दोन मंडळ्यांची बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरं एकत्र करू नयेत, अर्पणाचे हिशेबही नाहीत. पाळक बदलताना रजिस्टरांची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. 2019 च्या पुरानंतर सांगलीत ती वरच्या मजल्यावर ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा मुद्दा, देवाने लावलेली घडी मोडल्याचा, मात्र मला पटत नाही. आपली ही घडीसुद्धा बदलातूनच बसली आहे. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1849 पासूनचं, मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशन. 1970 च्या 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, आणि बालकांचा बाप्तिस्मा व प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही एकाच छपराखाली मान्य झाले. एकमेकांच्या बाप्तिस्म्यावर वाद घालणाऱ्यांच्या वारसांना हे मिळालं, याला मी आशीर्वादच म्हणते.

मात्र एक अट. पाळक कमी वेळ देतात म्हणून वाचन, प्रार्थनासभा, घरभेटी सभासदांनी उचलल्या, तर ती देणगी आहे. तेच काम त्याच दोन बायकांवर पडलं, तर ते ओझं आहे. त्याला आशीर्वाद म्हणू नये. वर्षभराने नावं मोजा, नवी किती आली ते कळेल.

एज्राच्या तिसऱ्या अध्यायात नव्या मंदिराचा पाया घालताना जुनं मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले, बाकीचे हर्षाने गर्जले, आणि दोन्ही आवाज वेगळे ओळखता येईनात. त्या वृद्धांना कोणी गप्प केल्याचं तिथे लिहिलेलं नाही.

तुमच्या मंडळीतल्या घरी बसलेल्यांची यादी आधी तुम्हीच करा आणि पुढच्या पंच सभेच्या आधी चिटणिसांकडे लेखी द्या. तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही.