हो, मीच ती आरटीओ काकू

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर पुतण्याने फोटो टाकला. जुन्या वॅगनआरच्या बॉनेटवर हात ठेवून हा उभा, शेजारी गॉगल लावलेला कोणी एक पोरगा, किल्ली त्याच्या बोटात गरगर फिरतेय. खाली ओळ, "गेली माझी पहिली गाडी," आणि तीन रडके चेहरे. लगेच अंगठे, फुलं, अभिनंदन. कितीला गेली? तीन लाख दहा. वा, छान भाव मिळाला.

मी एकच ओळ लिहिली. "नाव ट्रान्सफर झालं का?"

"काकू, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या करून दिल्यात. बाकी तो बघून घेईल."

फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव कोणाचं लिहिलंस? "कोरंच ठेवलंय. तो डीलर आहे ना, गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव भरेल. सगळे असंच करतात."

यावर जाऊबाईंच्या धाकट्या जावयांनी लिहिलं, "आल्या आरटीओ काकू!" मग काय, अकरा हसरे चेहरे. मी मोजले. त्यातला एक ह्यांचा होता, शेजारच्या खोलीतून.

दिवसभर धुमसतेय. कुकरच्या शिट्ट्या चुकल्या. म्हणून इथे लिहिते. ज्यांनी आबांच्या सँट्रोची गोष्ट आधी ऐकली आहे त्यांनी खुशाल पुढे जावं.

आबा म्हणजे माझे वडील. इथे इंदूरच्या रामबागेत राहायचे, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. विजेचं १९८७ पासूनचं एकूण एक बिल पत्र्याच्या ट्रंकेत, वर्षवार, सुतळीने बांधलेलं. दूधवाल्याच्या हिशेबाची वहीसुद्धा दोन रंगांत. या माणसाने २००३ मध्ये फंडाच्या पैशातून सँट्रो घेतली आणि दहा वर्षं लेकरासारखी सांभाळली. २०१३च्या दिवाळीत मोतीबिंदूमुळे विकायची ठरवली. सकाळी फिरायला येणाऱ्या एकांच्या ओळखीचा माणूस. ऐंशी हजार रोख. शंभराच्या स्टँपपेपरवर लिखापढी, नोटरीचा शिक्का, फॉर्मांवर सह्या. आईने त्याला चिवडा-लाडू दिले. आबांनी डॅशबोर्डवरचा छोटा गणपती तेवढा काढून घेतला. तो निघेना, तेव्हा चाकूच्या पात्याने हळूहळू सोडवला. खाली डिंकाचा गोल डाग राहिला. आबा म्हणाले, राहू दे, त्याच्या प्रवासाला तेवढीच खूण.

"सज्जन माणूस आहे," आबा म्हणाले. "सही करतो तर हात थरथरत होता बिचाऱ्याचा."

२०१७च्या जूनमध्ये घरी लिफाफा आला. मोटर दुर्घटना दावा अधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं कोर्ट. सांवेर रोडवर एका सँट्रोने मोटारसायकलला उडवलं होतं, चालवणाऱ्या मुलाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. आवेदक, म्हणजे दावा करणारा, तो मुलगा, अनावेदक क्रमांक एक सँट्रोचा ड्रायव्हर, अनावेदक क्रमांक दोन आमचे आबा. विमा? संपलेला. कोणी भरलाच नव्हता.

आबा म्हणाले, काहीतरी गफलत आहे, आपण तर गाडी विकली. आईने ट्रंकेतून स्टँपपेपर काढला, आबांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि आम्ही वकिलांकडे गेलो. वकिलांनी तो पाहिला, घडी घातली आणि आबांच्या हातात परत दिला. म्हणाले, "मास्टरसाब, ये तो आपके और उसके बीच की बात है. आरसी में नाम किसका है?"

तो सज्जन माणूस? त्याने सँट्रो सहा महिन्यांत पुढे विकली होती. त्याने आणखी पुढे. फोन बंद. आबांनी सही केलेले फॉर्म कुठल्या खिशात विरले देव जाणे, आरटीओत कधी पोचलेच नाहीत.

आता मला सांगा, यात आबांचं काय चुकलं? मीही बरेच दिवस हेच म्हणत होते. मग वकिलांनी कायदा दाखवला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. नाव बदलून घ्यायचं काम एकट्या घेणाऱ्याचं नसतं. विकणाऱ्यानेसुद्धा आरटीओला कळवायचं असतं, गाडी त्याच राज्यात विकली असेल तर १४ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. फॉर्म २९ हा विकणाऱ्याचाच फॉर्म आहे. त्यात एक ओळ असते, अमुक दिवशी अमुक माणसाला गाडी विकून ताब्यात दिली. आबांनी नेमकी तीच ओळ कोरी सोडली होती. पंचेचाळीस मिनिटांच्या पेपरात एक जागा रिकामी सोडली तर पोराचा अर्धा मार्क कापणारा माणूस! बरं, चूक होती. लिहिलं मी. झालं समाधान?

केस चालू असतानाच, २०१८च्या फेब्रुवारीत, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यातही गाडी अशीच हातोहात फिरलेली होती आणि कोर्टाने सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच मालक, भरपाई त्याच्या माथी. वकिलांनी त्याचं झेरॉक्स आबांपुढे ठेवलं आणि पाणी मागवलं. आबांसाठी नाही, स्वतःसाठी.

आणि पुतण्या म्हणतो सगळे असंच करतात. अरे सगळे करतात म्हणूनच तर! नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, ती किती हात फिरली होती ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं ना? पोलीस आधी कोणाच्या दारात गेले? कागदावर नाव होतं त्याच्या. इतक्या लांब नको जायला. उद्या त्या गॉगलवाल्याने तुझी वॅगनआर एखाद्या सोळा वर्षांच्या पोराच्या हातात दिली आणि काही झालं, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मालक कोण? मग सांगत बस कोर्टाला, मला माहीत नव्हतं म्हणून.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? आपल्या लोकांना कागद मागायची लाज वाटते. समोरच्याला वाईट वाटेल. अविश्वास दाखवल्यासारखं होईल. अहो, इंदुरात आपण मराठी माणसं आलो ते होळकरांच्या दफ्तरात लिहायला! आपल्यात फडणीस आहेत, चिटणीस आहेत, दफ्तरदार आहेत. मोडीत पै-पैचा जमाखर्च लिहिणाऱ्यांची पतवंडं आज कोऱ्या फॉर्मवर सही करून वर सेल्फी काढतात.

जाऊ दे. जरा चहा करून आले.

आता ग्रुपवर जे बोलले गेले त्याबद्दल. एक भाचा म्हणाला, मावशी, आता डीलरचा कायदा आलाय. हो, आलाय, आणि चांगला आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि आपण गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी पोर्टलवर भरायचा, मग ती त्याची जबाबदारी. पण अधिकारपत्र असलं तर! मी पुतण्याला विचारलं, पाहिलंस? तो म्हणाला, "काकू, त्याचं ऑफिस आहे ना, एसी आहे."

एसी आहे!

दुसरं कोणी म्हणालं, आरटीओ लांब आहे, नायता मुंडल्यापर्यंत कोण जाणार, सर्व्हर बंद असतो, एजंटशिवाय कागद हलत नाही. मान्य. मी स्वतः तिथे उन्हात उभी राहिले आहे, पंख्याखालची जागा मिळावी म्हणून भांडले आहे. पण अर्धं काम आता परिवहनच्या वेबसाइटवर घरबसल्या होतं, आणि बाकीच्या अर्ध्यासाठी एक दिवसाची रजा टाकायला काय होतं? आबांनी दोन वर्षांत एकोणीस तारखा केल्या. एमजी रोडच्या कोर्टात, सत्तरी उलटल्यावर, स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी घेऊन.

त्यातल्या दोन तारखा डोक्यातून जात नाहीत.

एकदा फाइलमध्ये अपघातानंतरचे फोटो आले. गाडी ओळखू येत नव्हती, पुढचा भाग आत गेलेला, रंगसुद्धा कोणीतरी बदललेला. आबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आतल्या फोटोत डॅशबोर्डवर तो डिंकाचा गोल डाग तसाच होता. आबांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आपलीच आहे गं." वकील काही बोलले नाहीत. मीही नाही.

दुसरी तारीख, तो मुलगा आला होता. चोवीस-पंचविशीचा, कुबड्या बाकाला टेकवलेल्या. मी मनात त्याच्यावरही चिडलेली होते, खोटं कशाला बोलू. याला दुसरं कोणी मिळालं नाही का, आमचे म्हातारेच दिसले? आबा उठले, कँटीनमधून दोन चहा घेऊन आले, एक त्याला दिला आणि त्याच्या शेजारी बसले. काय बोलले माहीत नाही. परतताना रिक्षात म्हणाले, "त्याने तरी कोणाला शोधायचं? त्याच्याकडे फक्त नंबरप्लेट होती."

तेव्हापासून मला कायद्याला शिव्या देता येत नाहीत. द्यायची इच्छा पुष्कळ होते.

२०१९ मध्ये निकाल लागला. ड्रायव्हर आणि मालक, संयुक्त आणि पृथक् जबाबदार, म्हणजे पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते. ड्रायव्हरकडे जप्त करायला काही नव्हतं. सव्वाचार लाख आणि वर व्याज, पोस्टातली मासिक उत्पन्न योजना (एमआयएस) मोडून आबांनी भरले. पैशाचं त्यांनी कधी काढलं नाही, पण सकाळचं फिरणं सोडलं. तिथे तो ओळख करून देणारा गृहस्थ भेटायचा, आणि आबांना त्यालाच अवघडल्यासारखं होईल याची काळजी!

आबा गेल्यावर ट्रंक मी आणली. विजेच्या बिलांखाली एक जाड फाइल आहे. त्यावर त्यांच्या ठळक अक्षरात, फळ्यावर लिहायचे तसं: "सँट्रो. विक्री (अपूर्ण)."

तर बाबांनो, हसा. अकराचे बावीस चेहरे करा. पण गाडी विकताना २९ आणि ३० घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, तारीख घालून भरा, सही शेवटी. दोन्ही फॉर्मांचे फोटो काढा. गाडी ताब्यात दिली त्याची पावती घ्या, त्यात तारखेबरोबर वेळही लिहा, किती किलोमीटर झालेत तेही. सकाळी दहाला गाडी दिली आणि अकराला चलान झालं तर कोणाचं ते कळायला नको? आधार कार्डच्या झेरॉक्सवर आडवं लिहा, फक्त अमुक नंबरच्या गाडीच्या विक्रीसाठी. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरची एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, आधी उतरवा. गाडी राजस्थानात, महाराष्ट्रात जाणार असेल तर फॉर्म २८ वर आरटीओची एनओसी. आणि मग दर आठ दिवसांनी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा, तिथलं नाव बदलेपर्यंत. तिथे जर तुमचंच नाव दिसत असेल तर गाडी तुमचीच आहे, पेट्रोल कोणी का भरेना.

फास्टॅगही बंद करा. बडोद्याची माझी एक मैत्रीण, हुशार बाई, गाडी एक्सचेंजमध्ये देऊन आली. शोरूमवाला म्हणाला मॅडम टेन्शन मत लो. दोन महिने तिच्या खात्यातून सुरतेकडच्या टोलचे पैसे कटत होते आणि ही बिचारी नवऱ्यावर संशय घेत होती, सुरतेला काय आहे म्हणून.

आणि हे सगळं पुतण्याला पटलं नाहीच. पटलं ते भलतंच. मी सहज विचारलं, पाच वर्षांत एकही क्लेम नाही तुझा, नो क्लेम बोनस ५० टक्के झाला असेल, त्याचं पत्र घेतलंस का विमा कंपनीकडून? तो म्हणाला, पॉलिसी गाडीबरोबर दिली ना. म्हटलं, अरे, बोनस गाडीचा नसतो, तुझा असतो. तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो, ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर निम्मी सूट. पलीकडे शांतता. आबांच्या गोष्टीचा धक्का बसला नाही, पण ह्याचा बसला. चालेल मला.

आत्ता नऊ वाजता त्याचा फोन आला होता. आवाज एकदम मऊ. डीलरने फॉर्म अजून कोणाला दिलेले नाहीत, परत देतो म्हणाला, पण "भिया, इतना भी क्या डरना" असंही म्हणाला म्हणे. उद्या आधी त्याच्याकडे जाऊन फॉर्म घ्यायचे, त्याच्याच नावाने भरायचे, पावती लिहून घ्यायची आणि तिथून नायता मुंडला. "काकू, तुम्ही येता का बरोबर?" येते म्हटलं. ह्यांनी शेजारच्या खोलीतून विचारलं, दुपारचं जेवण? म्हटलं, हसरा चेहरा टाकलात ना, तोच खा.

पुतण्याकडे आता गाडी नाही, त्यामुळे माझ्याच स्कूटरवर मागे बसेल. आरसी डिकीत आहे. मी पाहून आले.