चालायला लागले म्हणजे बरे झाले?

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘लकव्याचा पेशंट चालायला-बोलायला लागला, नाव-गाव बरोबर सांगितलं, की पूर्ण बरा. पुढचा विसराळूपणा वयाचा. घड्याळाचं चित्र काढा, शब्द आठवा, असल्या चाचण्या म्हणजे बिल वाढवायचे उद्योग. औषध नाहीच, मग तपासून काय उपयोग?’ मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून पेशंटांकडून सराव करून घेणं हे माझं काम. अशा पेशंटांबरोबर माझा रोजचा दिवस जातो, आणि हे वाचून राहवलं नाही.

‘चालायला-बोलायला लागला की बरा.’ हात-पाय हलवणं वेगळं, आणि कामाचा क्रम लावणं, चूक ध्यानात येणं वेगळं. एका आजींचा हात छान सुधारला होता. त्यांना चहा करायला सांगितला. गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, साखर आणि चहापावडर टाकली, आणि त्या दुधाची पिशवी शोधायला लागल्या. पाणी घातलंच नव्हतं. साखर करपल्याचा वास सुटला तरी आजी पिशवी हातात धरून उभ्याच. मुलगा म्हणाला, “अहो, आईला सगळं आठवतं.” आठवत होतंच. क्रम हरवला होता.

दुसरे एक काका, उजव्या मेंदूत गुठळी झालेली. ते रोज जेवताना चिडायचे, “कोशिंबीर का वाढत नाही?” कोशिंबीर ताटात डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागी असायची. ताट फिरवून दिलं की काकांना ती सापडायची. सुनेला वाटायचं, मुद्दाम छळतात. डोळे ठीक होते. मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नव्हता. हेच काका एकटे रस्ता ओलांडायला निघाले होते.

‘नाव-गाव सांगितलं की झालं.’ या दोघांनीही ते बिनचूक सांगितलं होतं. स्मरणशक्ती आणि आकलन तपासणाऱ्या, 1975पासून वापरात असलेल्या एमएमएसई या छोट्या चाचणीतही वार, तारीख, ठिकाण यांवर बराच भर आहे. नियोजनाची परीक्षा जवळजवळ नाहीच. 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोका या तशाच दुसऱ्या चाचणीत ती आहे, म्हणून असा दोष तिथे जास्त सापडतो. कागद, पेन आणि दहा-पंधरा मिनिटं एवढंच तिला लागतं. यात बिल कसलं वाढायचं?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. ज्यांनी कधी पेन धरलं नाही त्यांना ठोकळ्याचं चित्र काढायला लावून गुण कापणं अन्यायाचं आहे. वाचा गेलेल्यांचंही तसंच. त्यांच्यासाठी शिक्षण आणि भाषा लक्षात घेणारी चाचणी निवडावी लागते. ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन तर पक्षाघाताच्या पेशंटांसाठीच तयार केलेली आहे.

‘वयाचा विसराळूपणा.’ वयाचा हळूहळू येतो. पक्षाघातानंतरचा बदल घरचे तारखेनिशी सांगतात: “त्या दिवसापासून बाबा वेगळेच झालेत.” अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या 2023च्या निवेदनानुसार पक्षाघातानंतरच्या पहिल्या वर्षात 60 टक्क्यांपर्यंत पेशंटांमध्ये आकलनाचा काही ना काही दोष आढळतो. चाळिशीतले पेशंटही यातून सुटत नाहीत.

‘औषध नाही.’ गेलेली बुद्धी परत आणणारी गोळी नाही, हे खरं. पण खचलेलं मन, झोपेच्या गोळ्यांची गुंगी, कमी ऐकू येणं यांनीही डोकं मंद चालतं, आणि यांवर उपाय आहेत. आजींच्या ओट्यामागे आम्ही चहाची पाच चित्रं क्रमाने लावली, पहिलं पाण्याचं. सगळ्यात जास्त भीती मला बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची वाटते. त्या घ्यायला विसरणारा पेशंट ‘घेतल्या’ म्हणून सांगतो, खोटं बोलत नसतो, आणि दुसरा झटका येतो. चाचणीत दोष दिसला, की गोळ्या कुणाच्या हातात द्यायच्या हे तरी घरात ठरतं.

पहिल्या काही दिवसांत पेशंट गोंधळलेला असतो, तेव्हाच्या गुणांवर शिक्का मारू नका. दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करून घ्या. फेरतपासणीला जाल तेव्हा ‘विसरतात’ एवढंच सांगू नका. चहात पाणी राहिलं, कोशिंबीर दिसली नाही, पाचशेची नोट दोनदा दिली, असं जे घडलं ते तसंच सांगा.