समुद्रापासून सात-आठ मैल आत घर घ्या असं मी का म्हटलं होतं

दादा, तुमची कमेंट वाचली. राग रास्त आहे, पण पटली नाही. ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की नॉर्थ यॉर्क मूर्सला (इंग्लंडच्या ईशान्येकडचा मूरचा, म्हणजे उंचावरच्या माळरानांचा भाग) आठवडाभर कॉटेज घ्यायचं असेल तर तिथल्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात किंवा अगदी समुद्राला खेटून घेऊ नका, एस्क नदीच्या खोऱ्यात ग्रोमॉन्ट, एग्टन ब्रिज, ग्लेझडेल या बाजूला बघा. ते वाचून दादा मेच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत, रीडिंगहून आईबाबांना घेऊन गेले, आणि आता त्यांचं म्हणणं असं की पुण्याहून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना रोज गाडीत बसवून समुद्र दाखवायला न्यावं लागलं, मूर म्हणजे नुसतं जळकं तपकिरी माळरान, शनिवार फुकट गेला, घरात नेटवर्क नाही, आणि वर "सुट्टीवर जाऊन पोळी-भाजीच करायची तर घर काय वाईट होतं".

समुद्राचं आधी घेते कारण खरा मुद्दा तोच आहे. तुम्हीच लिहिलंय की दोन दिवस किनाऱ्यावर दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. त्याला तिकडे सी फ्रेट म्हणतात आणि मे-जून हा त्याचा हक्काचा सीझन. नॉर्थ सीचं पाणी मे महिन्यात जेमतेम दहा अंशांवर असतं, त्यावरून उबदार हवा आली की तिचं धुकं होतं आणि पूर्वेचा वारा असला की ते सरळ किनाऱ्यावर येऊन बसतं. गंमत अशी की तेच धुकं थोडं आत गेलं की जमिनीच्या उबेनं विरतं, म्हणजे व्हिटबीत लोक जॅकेट घालून कुडकुडतायत आणि तुम्ही एग्टन ब्रिजला अंगणात उन्हात चहा पिताय असं अगदी सहज होतं (तुमच्याच कमेंटमध्ये "घरी मात्र ऊन होतं" असं तक्रारीच्या सुरात लिहिलंय, तो मुद्दा माझ्या बाजूचा आहे हो!). आणि याच्या उलटही होतं, पश्चिमेचा वारा असला की मूरच्या माथ्यावर ढग उतरलेले, पाऊस, आणि किनारा कोरडा ठक्क. मधे घर असलं की सकाळी खिडकीतून आभाळ बघायचं आणि ठरवायचं आज डावीकडे की उजवीकडे. समुद्राला लागून घर घेतलं असतं तर ते दोन दिवस तुम्ही आईबाबांना पांढऱ्या भिंतीसमोर बसवलं असतंत, वर सी व्ह्यूचे जास्तीचे पौंड मोजून.

दुसरं म्हणजे पार्किंग. व्हिटबीच्या जुन्या भागातली किंवा रॉबिन हूड्स बे मधली ती गोड दिसणारी घरं फोटोत बघून सगळेच हुरळतात. रॉबिन हूड्स बे मध्ये बाहेरच्यांना गाडी खाली नेताच येत नाही, वरच्या पार्किंगमध्ये लावायची आणि मग तो उतार. उतरताना मजा वाटते, पण तांदळाची पिशवी, कुकर, बाबांची औषधं आणि चार बॅगा घेऊन दोन फेऱ्या मारा आणि मग संध्याकाळी आईंचे गुडघे धरून वर चढवा, म्हणजे कळेल मी काय म्हणतेय ते. स्टेथ्जलाही तेच, गाडी वर गाव खाली. म्हणून मी पोस्टमध्ये सँड्सएंड सुचवलं होतं, तिथे रस्ता, फुटपाथ आणि समुद्र जवळजवळ एकाच पातळीत आहेत, ज्येष्ठ मंडळींना बाकावर बसवून पोरांना वाळूत सोडता येतं. व्हिटबी ॲबीला (कड्यावरच्या जुन्या मठाचे अवशेष) जायलाही १९९ पायऱ्या चढायची काही सक्ती नाही, वर कड्यावर गाडी लावायला जागा आहे. पायऱ्या पोरांना चढू द्या, आजी-आजोबांना गाडीतून थेट वर न्या.

आणि एक सांगू का, गावातली घरं सगळी आपल्यासारख्या आठवड्याच्या पाहुण्यांकडे गेली की तिथल्या माणसांनी राहायचं कुठे हाही प्रश्न आहेच. २०२२ मध्ये व्हिटबीत यावर लोकांचं मतदान झालं होतं, आणि नवीन बांधलेली घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत या बाजूने प्रचंड मतं पडली. खोऱ्यात हा प्रश्न नाही असं नाही. पण असो.

आता मूर. मूर तपकिरी होता असं तुम्ही लिहिलंत, दादा, मे मध्ये तो तपकिरीच असणार! एप्रिलमध्ये कासच्या पठारावर जाऊन फुलं कुठेत विचारण्यासारखं झालं हे. हेदर म्हणजे मूरभर पसरलेलं खुरटं फुलझुडूप, त्याच्या तीन जाती आहेत तिथे, दोन थोड्या आधी फुलतात, पण सगळा डोंगर जांभळा करणारी जी आहे ती ऑगस्टमध्ये, आणि सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकते. पोस्टमध्ये फोटोखाली "ऑगस्ट" लिहिलेलं होतं. जळकं म्हणालात तेही खरंच जळकंच असतं, हिवाळ्यात मुद्दाम पट्ट्या-पट्ट्यांनी जाळतात, म्हणजे एका ठिकाणी कोवळे कोंब येतात आणि शेजारच्या पट्टीत उंच जुनं हेदर राहतं. ग्राउस पक्ष्याला खायला कोवळं लागतं आणि लपायला उंच, आणि हा सगळा खटाटोप त्याच्या शिकारीसाठी, जी १२ ऑगस्टला सुरू होते. मला स्वतःला शिकारीचं ते प्रकरण अजिबात आवडत नाही, पण ते ठिगळं लावलेलं दिसतं ते का, एवढं तरी कळावं. बाकी मे मध्ये बघायचं काय तर कान उघडे ठेवायचे. कर्ल्यू पक्षी तेव्हा मूरवर घरटी करतो, लांब वाकडी चोच, आणि उडत वर जाताना अशी बुडबुडत जाणारी शीळ घालतो की गाडी थांबवून काच खाली करावीच लागते. पिकरिंग-व्हिटबी रस्त्यावर होल ऑफ हॉर्कमच्या इथे थांबलात का? तुमच्या कमेंटमध्ये त्याचं नाव नाही म्हणून विचारतेय. रस्त्याच्या कडेलाच तो प्रचंड खोलगट वाडगा आहे, आईबाबांना चालायला नको काही नको.

शनिवारचं काय करणार, सगळीकडे तसंच आहे. जुने लोक सकाळी दहाला घर सोडणार, मधे सफाई, आणि तुम्हाला किल्ली चार वाजता. पाच तास ड्राइव्ह करून दीडलाच दारात उभं राहिलं तर मालकीणबाई तरी काय करतील. वाटेत यॉर्कला जेवा नाहीतर पिकरिंगला थांबा. तिथून ग्रोमॉन्टपर्यंत अठरा मैल वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, त्या दिवशी बसायचं नसलं तरी प्लॅटफॉर्मवर उभं राहून इंजिन बघायला बाबांसारखी माणसं तासभर आनंदाने देतात. फक्त पिकरिंगहून पुढे येताना स्लाइट्सच्या वर ब्लू बँकचा उतार लागतो, पाचास एक (पाच फूट पुढे गेलं की एक फूट खाली), गिअर खालचा ठेवा. ग्लेझडेलजवळचा लिंबर हिल तर तिनास एक आहे, तिकडे सॅटनॅव्ह "शॉर्टकट" म्हणून नेतो, जाऊ नका. आणि पोस्टकोडवर तर अजिबात विसंबू नका, खेड्यात एका पोस्टकोडमध्ये चार शेतं आणि दोन टेकड्या येतात, मालकांकडून खुणा लिहून घ्या.

नेटवर्क नसतं, दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आहेत, येणार कुठून. बुकिंगच्या आधी विचारायचं वायफाय आहे का आणि वायफाय कॉलिंग चालतं का, संपलं. तेवढ्यासाठी घराला एक स्टार देऊ नये असं माझं मत.

पोळी-भाजीवर मात्र मी भांडणार. खेड्यातल्या पबचं किचन रात्री आठ-साडेआठला बंद होतं, व्हेज म्हणजे बऱ्याचदा एक बर्गर आणि एक पास्ता, आणि बाबांना साडेसातला वरण-भात लागतो हे तुम्हीच लिहिलंय. मग आठवडाभर काय चिप्स खाऊन राहणार? कॉटेज घ्यायचंच ते स्वयंपाकघरासाठी, नाहीतर हॉटेल घ्यावं की. फक्त सगळा भार एकीवर पडू नये. तुमच्या कमेंटमध्ये "करावी लागली" असं आहे, कोणी केली ते नाहीये :) छोटा कुकर, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा आणि एक धारदार सुरी न्या, कॉटेजमधल्या सुऱ्यांनी टोमॅटोही कापला जात नाही. फोडणी करताना खिडकी उघडी, नाहीतर स्मोक अलार्म सगळ्या खोऱ्याला तुमचा मेनू सांगतो. आणि अशा घरांना बहुतेक सेप्टिक टँक असतो, तर तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, बरणीत भरून कचऱ्यात टाका.

बॉगल होलच्या (रॉबिन हूड्स बे जवळची छोटी खाडी) वाटेवर पाणी चढलं म्हणून मागे फिरावं लागलं असं लिहिलंत, ते वाचून खरंच पोटात गोळा आला. रॉबिन हूड्स बे पासून बॉगल होलला वाळूवरून जायचं तर ओहोटी चालू असतानाच निघायचं आणि भरती लागायच्या आत परत. मागे कडा आणि पुढे पाणी अशी ती जागा आहे, वर चढायला मधे काही नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे काल अकराला जमलं म्हणून आज अकराला जमेल असं नाही. टाइड टेबल बघितल्याशिवाय त्या वाळूवर पाऊल टाकू नका, शंका असली तर कड्यावरून क्लीव्हलँड वेची पायवाट आहे, तिने जा.

शेवटी तुम्ही विचारलंय की पुढच्या ऑगस्टला भाऊ-वहिनी येतायत तर आता कॉर्नवॉलच बघू का. ऑगस्टमध्ये रीडिंगहून कॉर्नवॉलचा ट्रॅफिक मी शत्रूलाही सुचवणार नाही. एक्समूर बघा, नैऋत्य इंग्लंडमधला समुद्रालगतचा मूर. साधारण तीन तासांत तिथल्या डन्स्टर गावाला पोचाल, मूर थेट समुद्रात उतरतो, ऑगस्टमध्ये जांभळ्या हेदरबरोबर गॉर्स या काटेरी झुडपाची पिवळी फुलंही असतात, आणि लिंटन-लिनमथची पाण्याच्या वजनावर चालणारी १८९० सालची क्लिफ रेल्वे पोरांना फार आवडते. पोरलॉक हिल चारास एक आहे, वहिनींना गाडी लागत असेल तर शेजारचा टोल रोड घ्या, थोडे पैसे पडतात पण चढ निवांत आहे. तिथला समुद्र मात्र चहासारखा गढूळ दिसतो, ब्रिस्टल चॅनेल आहे तो, आणि भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी एक. हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर कमेंट नको! घर परत समुद्रापासून थोडं आतच घ्या. किती जण, कुत्रा आहे का, आणि जिना चालेल का तेवढं इथेच खाली लिहा, मग कोणत्या गावात शोधायचं ते सांगते. ऑगस्टचं बुकिंग आहे, जानेवारीच्या पुढे ढकलू नका.