'दहावीच्या पुस्तकात असतं': एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक जुना वाचक' यांस,

मुलांच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीमागे आनुवंशिकतेचा हात किती, यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगते. मी सगळं जीन्सवर ढकलते, ज्या जुळ्यांच्या अभ्यासाचा मी दाखला दिला तो फारच छोटा आहे, मिथायलेशनच्या खुणा (जनुक न बदलता त्याचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा) ॲलर्जीचं कारण की परिणाम हे मी सांगितलेलं नाही, आणि बाळाला वेळेवर दाणे चारले असते तर हा लेख लिहायची वेळच आली नसती, असं तुमचं म्हणणं. पण तुमची सुरुवात अशी होती: "अहो ताई, दोन पिढ्यांत जीन्स बदलत नाहीत, एवढं दहावीच्या पुस्तकात असतं."

आधी याच वाक्याबद्दल बोलू.

'ताई' म्हटल्याचा राग नाही. आमच्या सोलापुरात भाजीवालाही ताईच म्हणतो, आणि चांगल्या मनानं म्हणतो. तुमच्या 'अहो ताई'मध्ये मात्र 'बसा खाली, समजावून सांगतो' असा सूर आहे, आणि तो मला या वयात ऐकून घ्यायचा नाही. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलंय मी. मेलबर्नला आल्यावर पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामही केलं. हे मिरवायला सांगत नाही. (बरं, थोडं मिरवायलाही सांगते.) मेंडेलचे वाटाणे मलाही पाठ आहेत. हेच वाक्य 'मग दोन पिढ्यांत ॲलर्जी इतकी वाढली कशी?' असं विचारता आलं असतं. प्रश्न उत्तम आहे. पण तुम्हाला प्रश्न विचारायचा नव्हता, गुण द्यायचे होते.

आता मुद्दा. जनुकं बदलली असं मी लेखात कुठेही लिहिलेलं नाही. जनुकांत धोका असतो आणि तो उघड व्हायला भोवतालची परिस्थिती लागते, एवढंच लिहिलंय. फिलाग्रिनचं उदाहरण त्यासाठीच दिलं होतं, ते बहुधा तुम्ही ओलांडून गेलात. कातडीचा वरचा थर घट्ट ठेवणारं हे प्रथिन. त्याच्या जनुकात दोष असेल तर कातडी कोरडी पडते आणि एक्झिमाचा, म्हणजे खाज सुटणाऱ्या त्वचारोगाचा, धोका वाढतो, हे स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं. युरोपीय वंशाच्या सुमारे १० टक्के लोकांत असा दोष असतो. २०११ मध्ये याच दोषाचा शेंगदाण्याच्या ॲलर्जीशी संबंध दिसला. फुटलेल्या कातडीतून घरातल्या धुळीतलं दाण्याचं प्रथिन आत शिरतं आणि शरीर त्याला शत्रू धरून ॲलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडं तयार करतं, असा अंदाज आहे. तोच दाणा आधी तोंडावाटे पोटात गेला तर शरीर बहुधा त्याला आपलं मानतं. म्हणजे जनुक पिढ्यान् पिढ्या तेच, पण त्याचा त्रास व्हायचा की नाही हे बाळ कुठल्या घरात, काय खात वाढतंय त्यावर अवलंबून. यात दहावीच्या पुस्तकाच्या विरोधात काय आहे ते दाखवा.

आणखी एक. मी राहते त्या व्हिक्टोरिया राज्यात शाळेत दाखल होणाऱ्या मुलांची पाहणी झाली होती, २०१६ साली ती छापून आली. आशियात जन्मून इथे आलेल्या मुलांत दाणे-काजूबदामांची ॲलर्जी कमी आढळली. आशियाई आयांची, पण ऑस्ट्रेलियात जन्मलेली मुलं पाहिली, तर त्यांच्यात ती इथल्या इतर मुलांपेक्षाही जास्त. वंश तोच, आणि फरक असा उलटा. नुसत्या जनुकांनी हे समजत नाही आणि नुसत्या हवापाण्यानंही नाही. हवापाणीच सगळं ठरवत असतं, तर आमची मुलं गोऱ्या मुलांच्या बरोबरीला आली असती, पुढे गेली नसती.

माझ्या घरात तर हे रोज ताटात दिसतं. मोठा मुलगा पुण्यात जन्मला, तिथेच दाण्याचं कूट घातलेल्या भाज्या, साबुदाण्याची खिचडी खात मोठा झाला आणि मग इथे आला. शेंगाचटणी तो अजून चमच्यानं खातो. धाकटी इथली. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गालावर, कोपरांच्या खोबणीत एक्झिमा. पुढे गणपतीत एका ओळखीच्या घरी कुणीतरी प्रेमानं दाण्याच्या लाडवाचा कण तिच्या जिभेवर ठेवला. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. अँब्युलन्समध्ये तिच्या मांडीत ॲड्रेनलिन टोचताना मी पाहिलंय. भावंडांची जनुकं तंतोतंत सारखी नसतात, हे तुम्ही लिहिण्याआधी मीच लिहून टाकते. नवऱ्याला दमा आहे, सासूबाईंना आयुष्यभर कातडीचा त्रास होता. हे सगळं डोळ्यांसमोर असताना 'जीन्सचा काय संबंध' हे मला कुणी लांबून शिकवू नये.

'आमच्या लहानपणी कुणाला असली थेरं नव्हती' हेही तुम्ही लिहिलंय. कर्नाटकातल्या प्रौढांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्ततपासणीत चारात एकाहून जास्त जणांमध्ये कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं सापडली, पण ॲलर्जी असण्याची शक्यता दिसली ती साधारण १ टक्का लोकांत. म्हणजे तयारी अंगात असते, आजार क्वचित होतो. तुमच्या लहानपणीची ती 'थेरं' अशीच रक्तात गप्प बसली असतील. शिवाय त्या काळी असं एखादं मूल गेलं, तर कशानं गेलं हे कोण तपासत होतं?

जुळ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. २००० सालच्या त्या अमेरिकी अभ्यासात एकसारख्या, म्हणजे जनुकं तीच असलेल्या, जुळ्यांच्या फक्त १४ जोड्या होत्या. एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण त्यांच्यात ६४ टक्के निघालं, बिनसारख्या ४४ जोड्यांत ७ टक्क्यांच्या आसपास. १४ हा आकडा लहानच. पण ६४ आणि ७ मधला फरक लहान नाही, आणि तो तुम्ही लिहिला नाहीत.

मिथायलेशनचं: कारण की परिणाम, हा वाद संशोधकांतही चालू आहे. शिकागोच्या २०१५ च्या अभ्यासात एचएलए भागातल्या (शरीराला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांच्या भागातल्या) जनुकीय फरकांचा परिणाम काही अंशी मिथायलेशनच्या वाटेनं होत असावा, असं दिसलं. लेखात मी 'असावा' असंच लिहिलं होतं. पुढे जायचं तर एक ब्लॉग पुरणार नाही, आणि तुम्हालाही त्यात फारसा रस असेल असं वाटत नाही.

राहिला 'वेळेवर दाणे चारले असते तर' हा टोमणा. लंडनच्या 'लीप' अभ्यासाचं नाव तुम्ही घेतलंत, छान. ६४० बाळं, ४ ते ११ महिन्यांची, एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. दाणे टाळलेल्यांपैकी पाच वर्षांच्या वयात १७ टक्क्यांना ॲलर्जी, खाल्लेल्यांपैकी ३ टक्क्यांना. निकाल २०१५ चे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ २००० पासून २००८ पर्यंत धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका असं सांगत होते, तेव्हा आयांना बोल लावण्याआधी सल्ला कुणी दिला तेही बघा. आणि दाण्याचा अर्क कातडीवर टोचून केलेल्या चाचणीत ४ मिलिमीटरपेक्षा मोठा फोड आलेल्या बाळांना 'लीप'मध्ये घेतलंच नव्हतं, कारण त्यांना दाणा देणं धोक्याचं होतं. हे तुम्ही वाचलेल्या बातमीत नसावं. माझ्या मुलीचा फोड किती मोठा होता ते मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. तो आधी वाचा, मग मी काय चारायला हवं होतं ते सांगा.