पद्मिनीची स्प्रिंग गॅसने कापू नका

नाशिकमधल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय: "कुठलीही जुनी गाडी पुढून दोन इंच खाली घ्यायची तर स्प्रिंगचे दोन वेढे गॅसने कापा. सस्पेन्शन कडक होतं, गाडी रस्ता धरते, शेवटी अलाइनमेंट केली की काम झालं." पुढून जराशी बसलेली प्रीमियर पद्मिनी मलाही देखणी वाटते. पण हा सल्ला मानून कुणी कसारा घाट उतरणार असेल, तर बोलायलाच हवं.

'कुठलीही गाडी' इथेच गाडं अडतं. जुन्या ॲम्बेसेडरला पुढे वेढ्यांची (कॉइल) स्प्रिंग नसतेच, टॉर्शन बार असतो, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी. कापणार काय? तेव्हा पद्मिनीपुरतंच बोलू.

दोन वेढे म्हणजे दोन इंच, हा हिशेब सगळ्यात घातक. पद्मिनीसारख्या विशबोनच्या (चाकाला धरून वर-खाली हलणाऱ्या आडव्या हातांच्या) गाडीत स्प्रिंग चाकापासून आतल्या बाजूला बसते, त्यामुळे ती जेवढी बुटकी होते त्याच्या साधारण दीड ते दुप्पट गाडी चाकापाशी खाली येते. समजा, गाडीच्या वजनाखाली दोन वेढ्यांमधलं अंतर 25 मिलिमीटर आहे. दोन वेढे गेले की स्प्रिंग 50 मिलिमीटरने बुटकी, आणि गाडी तीन ते चार इंच खाली! मग विशबोन आणि बंप स्टॉप (चाकाची वरची धाव अडवणारं रबर) यांच्यामध्ये बोटही शिरत नाही. त्र्यंबक रोडवरच्या पावसाळी खड्ड्यात तो धक्का थेट बॉडीला.

आता गॅस. स्प्रिंगचं पोलाद पाणी देऊन, मग टेम्पर करून (ठरावीक उष्णतेवर पुन्हा तापवून) तयार होतं. ज्योत लागली की टोकाशी निळा-जांभळा पट्टा उमटतो. तेवढ्या भागाचा टेम्पर गेलेला असतो. तो पुढे दबत जातो किंवा तडकतो. अंबड-सातपूरला हीट ट्रीटमेंटमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

कडक होतं, हे मात्र खरं. आठ कामाच्या (प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांचे सहा केले की ताठपणा एक तृतीयांशाने वाढतो. पण चाकाला हलायला जागाच उरली नाही तर त्या ताठपणाचा उपयोग काय? वळणावर बाहेरचं चाक बंप स्टॉपवर टेकलं की पुढची पकड अचानक सुटते आणि गाडी सरळ जाऊ लागते. शिवाय विशबोन आडव्या रेषेपलीकडे वर गेले की रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) बॉडीपेक्षा जास्त खाली उतरतं. गाडी उलट जास्त कलू शकते.

अलाइनमेंटने टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) सरळ होतो, टाय रॉडचा (स्टिअरिंगची ओढ चाकाला देणाऱ्या दांडीचा) बदललेला कोन नाही. प्रत्येक उंचवट्यावर स्टिअरिंग आपोआप ओढ घेतं, ते तसंच राहतं.

खाली घ्यायचीच असेल तर तारेची जाडी, वेढे आणि पुढच्या प्रत्येक चाकावरचं वजन मोजून स्प्रिंग नवी वळवून टेम्पर करून घ्या, आणि इंच-सव्वा इंचावर थांबा. काढताना स्प्रिंग कंप्रेसर हवाच, गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर. बसवल्यावर चाकं मोकळी लटकवून पाहा: स्प्रिंग जागेवर सैल होता कामा नये. मग चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर आणि ब्रेकचा होज कुठे घासतो का ते बघा. अलाइनमेंट त्यानंतर.