‘व्हॉल्व्ह फुल्ल खोला’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याच्या फ्लोअरिंगवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, माझ्याकडेच तो चार जणांकडून आला. त्यातलं म्हणणं असं: एपॉक्सीच्या कोटिंगआधी शॉट ब्लास्टिंग, म्हणजे मशीनने पोलादी छर्रा मारून जमीन खरखरीत करणं, ही पैशांची नासाडी, ॲसिडने धुतलं की भागतं. मशीन आणलीच तर सगळ्यात जाड छर्रा भरा, छर्रा सोडणारा व्हॉल्व्ह फुल्ल खोला, हळू ढकला. जितकं खोल तितकी पकड. डस्ट कलेक्टरचं भाडं वाचवायचं तर जमिनीवर पाणी शिंपडा. हे वाचून एखादा नवा पोरगा उद्या मशीनमागे उभा राहील, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ॲसिडचं आधी. हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंटला लागलं की कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. हा क्षार ओलावा ओढणारा. धुण्यात कसर राहिली तर तो छिद्रांत बसतो आणि वर एपॉक्सी चढते. शिवाय धुवायला ओतलेलं पाणी कोबा पितो, ते सुकेपर्यंत काम थांबतं. दालमिल, तेलमिलच्या जमिनीत तेल मुरलेलं असतं, तिथे तर ॲसिड काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. खरं सांगायचं तर तेल ब्लास्टिंगनेही निघत नाही. ते आधी डिग्रीझरने, म्हणजे तेल काढणाऱ्या रसायनाने, काढून जमीन पुरती सुकवावी लागते, नाहीतर छर्रा तेलकट होतो आणि तोच छर्रा पुढच्या जागेवर तेल नेतो.

जाड छर्रा. गोणीवर एस-230, एस-330, एस-460 असे आकडे असतात. 330 म्हणजे 0.0330 इंच, साधारण 0.84 मिलिमीटर. एस-460 हा एस-230 च्या दुप्पट व्यासाचा, म्हणजे एकेक छर्रा आठपट जड आणि किलोमागे छर्रे एक अष्टमांश. मार जोराचा बसतो, पण ठिकठिकाणी. ट्रिमिक्सच्या (पंपाने जादा पाणी ओढून घेतलेल्या काँक्रीटच्या) जमिनीवर सिमेंटची कच्ची साय असते, ती सगळीकडून सारखी उतरवायची तर बारीक छर्रा जास्त जागा झोडतो. जाड छर्रा जुन्या जाड कोटिंगसाठी ठेवा.

आता व्हॉल्व्ह. सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. छर्रा फेकतं ते फिरणारं व्हील, आणि त्याला पेलेल एवढाच छर्रा ते फेकतं. गेल्या उन्हाळ्यात जळगाव एमआयडीसीतल्या एका गोदामात आमच्या ऑपरेटरने व्हॉल्व्हचा दांडा शेवटपर्यंत ओढला. अँपिअर मीटरचा काटा चढला आणि लगेच पडला. त्याला वाटलं छर्रा संपला, म्हणून तो दुसरी गोणी आणायला निघाला. छर्रा संपला नव्हता, व्हील तुंबलं होतं. मागचा पट्टा पाहिला तर कोब्याची चमक जशीच्या तशी. व्हॉल्व्ह बंद केला, व्हील रिकामं होऊ दिलं, मग बोटभर-बोटभर उघडत काटा मोटारच्या पाटीवरच्या अँपिअरच्या जरा खाली आणून ठेवला. पुढच्या पट्ट्यावर हात फिरवला तर कळण्याच्या भाकरीच्या पाठीसारखी खरखर.

याच्या जोडीला एक गोष्ट, जी मेसेजमध्ये नाहीच. पट्ट्याची एक कड जास्त खाल्ली जात असेल तर दोष व्हॉल्व्हचा नसतो. व्हीलच्या मधल्या कंट्रोल केजची, म्हणजे छर्रा ब्लेडांवर कुठे पडायचा ते ठरवणाऱ्या नळकांड्याची, खिडकी सरकलेली असते किंवा ब्लेड झिजलेले असतात. केज थोडी फिरवून पुन्हा लहानसा पट्टा मारून बघा. ब्लेड बदलाल तेव्हा पूर्ण सेट बदला, एकच बदललं तर तोल जाऊन व्हील थरथरतं. आणि थ्री-फेजचं कनेक्शन नवीन जागी जोडलं की आधी व्हीलच्या फिरण्याची दिशा तपासा. फेज उलटला तर कितीही व्हॉल्व्ह उघडा, काम होत नाही.

हळू ढकला, खोल करा. खोलीला माप असतं. काँक्रीटच्या खडबडीतपणाचे सीएसपी (काँक्रीट सरफेस प्रोफाइल) 1 ते 10 असे दर्जे आहेत, त्यांचे रबरी नमुने जमिनीशेजारी ठेवून ताडता येतात. पाव ते एक मिलिमीटर जाडीच्या कोटिंगला 3 ते 5 पुरतो. त्यापेक्षा खोल गेलात तर खड्डे भरण्यातच माल जातो आणि पट्टे वरून दिसतात. मशीन आधी चालायला लावा, मग व्हॉल्व्ह उघडा. थांबण्याआधी बंद करा. उघड्या व्हॉल्व्हवर दोन क्षण रेंगाळलात की शेजारचा ओरडतो, “भो, मशीन खड्डा करी राहिनी!” आणि तो खड्डा पुन्हा भरूनच द्यावा लागतो.

पाण्याचा सल्ला मात्र मला सहन होत नाही. ओल्या जमिनीवर धुळीचा चिखल होतो, छर्रा गंजून गोळे धरतो, होज आणि फिल्टर तुंबतात. कलेक्टर नुसती धूळ गोळा करत नाही. उसळून परत आलेल्या छर्ऱ्यातून धूळ वेगळी करणारी हवा तोच खेचतो. तो काढला की हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या छर्रा साठवायच्या टाकीत, छर्ऱ्याबरोबर धूळ फिरत राहते आणि मार बोथट होतो. हवा कमी-जास्त आहे का, हे कलेक्टरच्या डब्यात चुंबक फिरवून कळतं: अख्खे गोल छर्रे चिकटले तर ओढ जास्त आहे, जरा कमी करा. हॉपरमध्येच धूळ दिसली तर होज कुठे फाटलाय ते शोधा.

काँक्रीटच्या त्या धुळीत सिलिका असते. तिने सिलिकोसिस होतो, आणि फुप्फुसाचा हा आजार बरा होत नाही. ऑपरेटर बहुतेक वेळा आपल्याच गावचा, विशी-पंचविशीतला असतो. भाडं वाचवायला कलेक्टर नको म्हणणाऱ्या मालकाकडे मी मशीन उतरवत नाही. कलेक्टर असला तरी डबा रिकामा करताना नाकातोंडाला नीट बसणारा मास्क लागतो, गळ्यातला रुमाल चालत नाही.