पाचपट, चौपट, तीन हजारपट!

एक संदेश वर्षानुवर्षं फिरतोय: ‘कोळ्याचा धागा पोलादापेक्षा पाचपट मजबूत. हाड काँक्रीटपेक्षा चौपट मजबूत. शिंपला तो ज्या खनिजाचा बनतो त्याच्या तीन हजारपट मजबूत. माणसाला न सापडलेली द्रव्यं निसर्गाकडे आहेत!’ यातला एकही आकडा निव्वळ थाप नाही, म्हणूनच तो खोडणं जिकिरीचं. गोची आहे ती ‘मजबूत’ या शब्दात.

आधी कोळी. ज्या धाग्याला लटकून तो खाली उतरतो, त्याची ताणशक्ती, म्हणजे तुटेपर्यंत तो सोसतो तो ताण, साधारण 1.1 गिगापास्कल (1 गिगापास्कल म्हणजे 1000 मेगापास्कल). चांगल्या पोलादी तारेची 1.5 किंवा त्याहून जास्त. म्हणजे सारख्या जाडीत पोलादच जिंकतं. मग पाचपट आलं कुठून? वजनातून. पोलादाची घनता पाण्याच्या 7.8 पट, धाग्याची 1.3 पट, तेव्हा सारख्या वजनात धागा चार-पाच पटींनी पुढे जातो. पण खरी कमाल संदेशात नाहीच. तुटण्याआधी हा धागा अशा तारेच्या पंचवीसपट ऊर्जा पचवतो. याला चिवटपणा म्हणायचं, ताकद नव्हे. धाग्यातल्या प्रथिनसाखळ्यांचे काही भाग घड्या पडून काही नॅनोमीटरचे स्फटिक बनतात आणि उरलेल्या साखळ्या त्यांच्यामध्ये गुंताळ्यासारख्या पडून असतात. ओढ बसली की गुंता उलगडत जातो आणि स्फटिक पकड सोडत नाहीत. धागा भिजला तर मात्र आखडतो आणि ढिला पडतो. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

हाडाच्या बाबतीत संदेशाने चक्क कंजुषी केली आहे. घट्ट हाड लांबीच्या दिशेने 170 ते 200 मेगापास्कल दाब सोसतं, साधं काँक्रीट 20 ते 40. पण ‘लांबीच्या दिशेने’ हे शब्द गाळून चालणार नाही. त्याच हाडाला आडव्या दिशेने ताण दिला, तर ते 50च्या आसपासच हार मानतं, कारण त्याचे तंतू हाडाच्या लांबीला धरून मांडलेले असतात. बारीक हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून पाहा. खनिज विरघळतं आणि उरलेलं कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, रबरासारखं वाकतं. उलट हाड जाळलं तर कोलॅजन जातं आणि उरलेलं खनिज बोटांत चुरतं.

शिंपल्याचा तीन हजारचा आकडा फक्त आतल्या चकाकत्या मोतीथराचा, आणि तोही ताकदीचा नाही. तो थर फोडायला लागणाऱ्या ऊर्जेचा आहे. ताणशक्ती तेवढी वाढत नाही, त्याच्या जवळपासही जात नाही. या थरात 95 टक्के अ‍ॅरागोनाइट असतं. अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, एरवी ठिसूळ. इथे मात्र अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या चकत्या विटांसारख्या रचलेल्या आणि मध्ये प्रथिनाचा पातळ लेप. तडा सरळ जाऊच शकत नाही. प्रत्येक चकतीपाशी त्याला वळसा पडतो, चकत्या किंचित सरकतात, एकमेकींत अडकतात, लेप ताणला जातो, आणि या प्रत्येक गोष्टीत तड्याची ऊर्जा खर्च होते.

न सापडलेल्या द्रव्यांचा शेवटचा दावा सरळ चूक. कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिनं, सेल्युलोज: यात न सापडलेलं काय आहे? लिंपेट नावाची समुद्री गोगलगाय खडक खरवडून शेवाळ खाते. तिच्या दातात गोएथाइट असतं, म्हणजे गंजातही आढळणारं लोहखनिज. 2015 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी या दातांची ताणशक्ती 3 ते 6.5 गिगापास्कल मोजली, कोळ्याच्या धाग्याच्या कितीतरी वर. खनिजाचे तंतू इतके बारीक, की त्यांत घातक ठरेल एवढा मोठा दोष मावतच नाही. मात्र मोजलेले नमुनेही केसापेक्षा कितीतरी बारीक होते. नमुना जेवढा मोठा, तेवढा त्यात मोठा दोष असण्याचा संभव जास्त. तेव्हा त्या आकड्यावरून बोटाएवढ्या जाड दोराचा हिशेब मांडता येत नाही.